जांभळाखालची लाइन

चेंबरमधून प्लंबरने सळई ओढली, तसा केसांसारखा मुळांचा झुपका बाहेर आला. संडासाची लाइन तुंबायची ही तिसरी खेप.

"ताई, जांभूळ तोडा, नाहीतर मला इथंच खोली द्या."

"त्याच्याखाली आईची रक्षा आहे," ती म्हणाली. नदीत नको, अंगणात झाड लावा, असं आईनेच सांगितलं होतं. "माती मऊ होती, म्हणून इथं लावलं."

"मऊ असणारच. पाइप तेव्हाच फुटलेला होता."

पाय धुतल्याशिवाय घरात न शिरणाऱ्या आईला तिने सांडपाण्यात ठेवलं होतं. "लाइन पलीकडून घ्या. झाड राहू द्या."

"मग झाड वाळेल. याच पाण्यावर पोसलंय ते. तुम्ही कधी तांब्याभर तरी घातलंत?"

चार वर्षं ती कौतुकाने सांगत होती, आईचं झाड आईसारखंच, कुणाकडे काही मागत नाही.

"नाही," ती म्हणाली आणि नळाखाली बादली लावायला गेली.