पालीवरची कविता

तो तिला लग्नाचं विचारायला तिच्या खोलीवर आला. तोंड उघडतो तोच छतावरून पाल थेट त्याच्या खांद्यावर पडली. त्याची पाचावर धारण बसली.

“हलू नकोस,” ती म्हणाली. ती फ्रेंच शिकवायची. “हिच्यावर एक फ्रेंच कविता आहे.” आणि ती चक्क म्हणूच लागली, एकेका ओळीचा अर्थ सांगत. भिंतीला तळवे टेकून घराच्या काळजाचे ठोके ऐकणारी, तरी घरच्यांनीच हाकललेली, अशी त्या कवितेतली पाल.

त्यानं भीतभीत मान वळवली. पालीचा इवलासा गळा धडधडत होता.

“अगं, ही तर माझ्याहून घाबरलीय,” तो म्हणाला. “आणि बोटं किती नाजूक आहेत हिची.”

ती खुदकन हसली. “आधी विचारायला आलेले दोघं हिला घाबरून पहिल्याच कडव्याला पळाले होते. आता विचार, काय विचारायचंय ते.”