एक बाक सोडून

कितीतरी महिन्यांनी चर्च उघडलं आणि निवृत्त हेडमास्तर ताप मोजायचं यंत्र घेऊन दाराशी उभे राहिले. एक बाक सोडून बसायचं, मोठ्याने गायचं नाही, शिंक आली तर सरळ घर गाठायचं. त्यांच्यापुढे पाळकसाहेबांचंही काही चालत नव्हतं.

सगळ्यांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई नाक ओढायला लागली. मास्कमुळे कोण ते ओळखू येईना. पलीकडचं कुटुंब उठून लांब जाऊन बसलं. हेडमास्तर तडक तिच्यापाशी गेले.

"बाई, सर्दी घेऊन यायचं नाही, कळत नाही का?"

"सर्दी नाही हो मला..."

"सगळे असंच म्हणतात. तुमच्या एकटीपायी चर्च परत बंद पडायचं. उठा बघू."

ती मान खाली घालून बाहेर गेली. कुणीतरी लगेच जंतुनाशक मारून तिचा बाक पुसून काढला. हेडमास्तरांकडे बघून दोघातिघांनी शाबासकीच्या माना डोलावल्या.

प्रार्थना संपली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "आपले ऑर्गन वाजवणारे काका या साथीत गेले. त्यांच्या मातीलाही आपल्यापैकी कुणाला जाता आलं नाही. आज त्यांच्यासाठी मेणबत्ती लावू या. काकू मुद्दाम आल्यात. काकू, पुढे या."

कुणीच उठलं नाही. हेडमास्तरांनी मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला.



कोपऱ्यातला बाक अजून वाळलाही नव्हता.