शकूरची आटलेली बकरी

शकूरची बकरी आटलेली नाही, हे उत्तमरावांना तिच्या कासेवरूनच कळलं. सड अजून ओले होते. घटकाभरापूर्वीच कुणीतरी धार काढली होती.

"लेकरांसाठी पावशेर दूध पाहिजे होतं, शकूर."

"आटली ना, भाऊ. चार दिवस झाले."

"आटली?"

"हाव. थंडीनं आटली असंन."

शकूर त्यांच्याकडे न पाहता खुंटा ठोकत होता. खुंटा आधीच पक्का होता.

गावात उंदीर मरून पडायला लागले तेव्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं ते उत्तमरावांनीच. झोपड्यांना जागा हवी म्हणून आपल्या मळ्यातली हुरड्यावर आलेली ज्वारी त्यांनी कापून टाकली, कडबा वाटला, विहीर मोकळी करून दिली. पहिल्याच दिवशी बाभळीखाली सगळ्यांना बसवून नियम सांगितला. गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. ज्याला प्लेगची गाठ येईल त्यानं नाल्यापलीकडच्या झोपडीत जायचं. जो रोगी लपवील त्याचं अख्खं कुटुंब मळ्याबाहेर. यात आपलं-परकं नाही.

नारायणरावांची सून कोकिळा अशीच नाल्यापलीकडे गेली. परत आली नाही. नारायणरावांनी नियम पाळला. पण तेव्हापासून ते उत्तमरावांशी बोलताना दुसरीकडे बघत.

आता अकरा दिवस नवा रोगी नव्हता. मळ्यात सव्वाशे माणसं होती, आणि एक लपवलेली गाठ त्यांना पुरेशी होती.

"दूध जाते कुठं मंग?" उत्तमरावांनी आपल्या झोपडीत आल्यावर विचारलं.

"मले काय पुसता?" त्यांची बायको रुखमाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "त्याची नसीमा दिसते का तुमाले? मले त तीन दिवसांत नाही दिसली."

उत्तमरावांचा घास हातातच राहिला. नसीमा शकूरची धाकटी मुलगी. तिच्या वेळी शकूरची बायको गौसिया दोन दिवस अडली होती, आणि उत्तमरावांच्या आईनंच, मनकर्णाबाईंनी, तिला सोडवलं होतं. म्हातारी इथं असती तर गौसियाकडून खरं काय ते सरळ काढून घेतलं असतं. पण ती हिवऱ्याला भावाकडे होती. गाव सोडायच्या दिवशी म्हणाली होती, "तू व्हय गाड्यांसंगं पुढं. कुलूप म्या लावलंच समज. दादाची दमणी येऊन राह्यली मले न्यायले." इतकी वर्षं उंबरा न सोडणारी म्हातारी मुकाट्यानं तयार झाली, याचंच त्यांना बरं वाटलं होतं. रस्ते बंद झाल्यापासून निरोप मात्र नव्हता.

दुपारी ते नारायणरावांना बरोबर घेऊन शकूरच्या झोपडीशी गेले.

"नसीमा कुठं हाये?"

गौसियानं दोघांकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तिनं गोधड्या ओढून बाहेर फेकल्या.

"पाहा! झटकून पाहा! चुलीतबी पाहा, राखीखाली झाकली असंन म्या पोरगी!"

शेजारच्या झोपडीतून कुणी तरी हसलं. तेवढ्यात नसीमा सरपणाचा भारा घेऊन आली. घामानं डवरलेली, ठणठणीत.

"काऊन आले हे, अम्मा?"

"तुह्या बकरीचं दूध मांगाले," गौसिया म्हणाली.

उत्तमराव मान खाली घालून परतले. चार पावलांवर नारायणराव थांबले.

"पोरगी चांगली हाये. पन दूध कोन पेते, हे गौसियानं नाही सांगतलं."

"माह्याबी ध्यानात आलं ते."

"उद्या त्याच्या मांगं जाऊ. दोघंबी. अन् जे निघंन, त्याले तुमचाच नियम, उत्तमराव. मंग तुमचं मन मऊ नाही झालं पाह्यजे."

"माह्यं मन तुमाले ठाऊक हाये."

"हाव," नारायणराव म्हणाले. "चांगलं ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी, लोक जेवून आडवे झाल्यावर, शकूर घोंगडी पांघरून निघाला. घोंगडीखाली एक हात आखडलेला होता. तो नाल्याकडे गेला नाही. सरळ गावाच्या वाटेला लागला.

वेशीपाशी दोघं क्षणभर थबकले. नियम त्यांनाही होता. मग आत शिरले.

गाव ओस होतं. दारादारावर कुलपं, अंगणांत गवत. शकूर स्वतःच्या घरावरून गेला, पण त्यानं तिकडे वळूनही पाहिलं नाही. चावडीपाशी वळला आणि उत्तमरावांच्याच दारासमोर उभा राहिला.

"घ्या," नारायणराव कानाशी म्हणाले. "तुमच्या घरात बियाण्याची ज्वारी हाये ना? साऱ्या गावाची?"

पुढच्या पेरणीचं बियाणं उत्तमरावांनी घराघरांतून गोळा करून आपल्या कोठीत ठेवलं होतं. रोगी नव्हताच तर. दूध हे नुसतं निमित्त. ज्याला मळ्यात जागा दिली, तोच घर फोडायला आला होता.

शकूरनं घोंगडी बाजूला केली. एका हातात दुधाचा गडवा होता. दुसऱ्या हातानं त्यानं कमरेची किल्ली काढली.

किल्लीला लाल दोरा होता आणि दोऱ्यात कवडी.

ती किल्ली आईजवळ, हिवऱ्याला असायला हवी होती.

उत्तमराव पुढे टाकलेलं पाऊल तिथंच ठेवून उभे राहिले. नारायणराव त्यांना मागे सारून पुढे झाले. कुलूप निघालं, दार करकरलं, आणि अंधारातून थकलेला आवाज आला:

"शकूर, दूध उंबऱ्यावर ठेव अन् दूर हो, बापा. रात्रीच गाठ फुटली. उत्तमले समजू देजो नको. नियम त्याचा हाये, त्याले मोडा लागंन."