न पुसलेला वास

किनाऱ्यावरचं गाव पाण्याखाली गेल्यापासून चांगुणाबाई समुद्रापासून दूर, घाटावर राहत होती. आज तिच्या घाटावरच जन्मलेल्या सुनेने कुणा नागपूरकराने पाठवलेला त्या किनाऱ्याचा जुना फोटो उघडला. नेहमीसारखा आधी खारा वारा आला, मग लाटेचे गार शिंतोडे. पाठोपाठ सुकत्या बोंबलांचा उग्र वास घरभर पसरला.

सुनेने नाक दाबलं. "आई, त्याने माफी मागितलीय. फोटोतला वास पुसायचा राहून गेला म्हणे. मी पुसू?"

"हात तर लावून बघ!" चांगुणाबाई कडाडली. फोटोच्या कोपऱ्यातल्या बांबूंवर तिच्याच आयेचे बोंबील वाळत होते. आजवर तिने मागितले म्हणून लोकांनी किनाऱ्याचे ढीगभर फोटो पाठवले होते, पण सगळे धुऊनपुसून.

"त्या भल्या माणसाला कळव," ती डोळे टिपत म्हणाली, "आमचं गाव पोचलं म्हणून."