येसकराचा दगड

“वाका की जरा, सरपंचबाई! आमी समदे वाकूनच आलोय,” दादासो आतून ओरडला. बाकीचे सदस्य खदाखदा हसले.

अंजली वाकली नाही. गढीच्या दोन पुरुष उंच दरवाज्यासमोर ती नव्या साडीत ताठ उभी होती. त्या दरवाज्याच्या पोटात एक छोटं दार, दिंडी. कमरेत मोडल्याशिवाय तिच्यातून कुणाला आत जाता येत नसे. गढीची ग्रामपंचायत होऊन साठ वर्षं झाली. घोड्यांच्या पागेत कॉम्प्युटर आले, बुरुजावर पाण्याची टाकी चढली. मोठा दरवाजा मात्र गंजून बसला तो बसलाच.

“मोठं दार उघडा. मग येते.”

दोघं जण बिजागऱ्यांत डिझेल ओतत होते. दार हूं की चूं करत नव्हतं. अकराला दहा कमी. अकराला पहिली सभा. ती हुकली की दादासो पार लासुर्ण्यापर्यंत सांगत सुटणार, बाईला उंबरा वलांडता आला न्हाय. अंजलीनं मोबाईल बघितला, दार बघितलं, परत मोबाईल. तिच्या सासरची माणसं येसकर. गढीची राखण करायची, पण बाहेरून. आत पाऊल टाकायचं नाही. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि येसकराची पिढ्यांची काठी त्यांनी इथंच टाकली. त्या घरातली पहिली बाई आत निघालेली, ती काय मान खाली घालून?

जीपमधून तिची आजेसासू, अक्काबाई, हळूहळू उतरली. दिंडीसमोर एक चपटा दगड होता. पदरानं तो झटकून ती त्यावर ऐसपैस बसली.

“आजी, उन्हात कुठं बसताय?”

“माझा सासरा हितंच हुबा ऱ्हायचा. त्येचा दगड हाय ह्यो.”

“म्हणूनच म्हणते, वाकायचं नाही!”

“जा गं तू. त्यो म्हनायचा, आत जानाऱ्याकडं मी बघतच न्हाय.”

“मग कुणाकडं बघायचे?”

“सभा उरकून ये.”

अकराला दोन मिनिटं उरली. अंजलीनं पदर खोचला, ओठ चावला आणि वाकून आत गेली. आत कुणीतरी टाळी वाजवली. ती टाळी तिला सभा संपेस्तोवर टोचत राहिली.

सभा सुटली. दादासो घाईनं सगळ्यांच्या आधी निघाला. दिंडीतून पहिलं त्याचं डोकं बाहेर आलं, पार गुडघ्यापर्यंत लवलेलं. समोर हातभरावर अक्काबाई.

“असू दे, असू दे,” तिनं हात वर केला. “सुखी ऱ्हा, लेकरा.”

दादासो वाकल्या जागी खिळला. मागच्यांनी ढकलला म्हणून बाहेर पडला. मग एकेक सदस्य तसाच आला. कुणीच आशीर्वादावाचून गेला नाही.

अंजली सगळ्यांत शेवटी आली. लागत होतं त्याहून जास्त वाकली. डिझेलवाले अजून बिजागऱ्यांशी झटतच होते.

“राहू द्या, दादांनो,” अक्काबाईच्या पायांवर हात ठेवून, वर न बघता ती म्हणाली, “मोठं दार बंदच बरं हाय.”