चौथी चौकट

माउसवर सुवर्णाचा हात नव्हता, तरी पडद्यावरचा बाण चालत होता. तक्रारींच्या विंडोवरून सरकत तो ऑफिसच्या चॅटवर गेला आणि तिथे एकेक अक्षर उमटू लागलं. घरच्या अडचणीमुळे आज आदिलाबादला येऊ शकत नाही, ही जबाबदारी दुसऱ्या कुणाला द्यावी. वर सुवर्णाचं नाव होतंच. मेसेज गेला.

पडद्याच्या खालच्या उजव्या चौकटीत, व्हिडिओ कॉलवर, तिचा नवरा पंकज हैदराबादच्या आपल्या टेबलाशी बसून टाईप करत होता. लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली. आता डोक्याला ताप नाही, म्हणाला.

सुवर्णानं घाईनं कीबोर्ड ओढला. 'मॅडम, हे मी' एवढं तिनं लिहिलं आणि शेवटचं अक्षर मागे पुसलं गेलं. मग त्याच्या आधीचं. तिनं पुन्हा लिहिलं. तेही पुसलं गेलं. पंकज रागावला नव्हता. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा तो शांतपणे पुसत होता.

लग्नानंतर महिनाभरात त्यानं हा मोठा स्क्रीन जैनथला, गावच्या घरी, आणला होता. सुवर्णा घरूनच एका पार्सल कंपनीच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. लहान लॅपटॉपवर तिची धांदल व्हायची. पंकजनं पडद्याचे चार भाग करून दिले. वर डावीकडे तक्रार, शेजारी उत्तर, खाली ऑफिसचं चॅट आणि उरलेल्या कोपऱ्यात तो स्वतः, व्हिडिओ कॉलवर. विंडो कडेला कशी ओढली की ती आपोआप जागेवर बसते, हे त्यानं तिचा हात हातात धरून शिकवलं. तेव्हा तिला ते आवडलं होतं. दुपारचा चहा दोघं एकाच वेळी प्यायची.

मग तो विचारू लागला. मघाशी कोण आलं होतं? कशाला हसलीस? इतका वेळ कुठे होतीस? त्याची चौकट त्यानं अशी लावली होती, की तिच्यावर दुसरी कुठली विंडो येतच नसे. एकदा तिनं कॉल बंद केला, तर लगेच फोन वाजला. काही बिघडलं तर इथूनच दुरुस्त करता येईल, असं म्हणून त्यानं पुढे एक प्रोग्राम टाकला. तेव्हापासून तिचा कॉम्प्युटर तोही चालवू शकत होता.

टेबल पुढच्या खोलीत होतं. त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. उरलेल्या जागेत खुर्ची, कॅमेऱ्यासमोर येणारं एकमेव दार आणि दाराशी सूप घेऊन बसलेल्या सासूबाई. काम सुरू झालं की रेणुकाबाई सुवर्णाच्या मागे येऊन बसायच्या. ज्वारी निवडायच्या, तूर निवडायच्या, काही नसलं तर नुसत्याच बसायच्या. बोलायच्या फार थोडं. पुढून मुलगा आणि मागून आई पाळत ठेवतात, असं सुवर्णानं मनाशी धरलं होतं. सासूपाशी तिनं कधी मन मोकळं केलं नाही.

कंपनी आता आदिलाबादला छोटं ऑफिस उघडत होती. नव्या मुलींना शिकवायला तिच्या वरिष्ठ शुभांगी मॅडमनी सुवर्णाला निवडलं होतं. आज दुपारी त्या स्वतः तिथे येणार होत्या. समोर येऊन हो म्हण, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पंकजला तिनं सांगितलं, तेव्हा तो बघू म्हणाला होता. हे त्याचं बघणं होतं.

तिनं कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"काय लिवलं त्यानं?" मागून रेणुकाबाईंनी विचारलं.

सुवर्णानं वाचून दाखवलं.

"तू सांगतलं होतं लिवाले?"

"नाही."

पंकज म्हणाला, आई, तू यात पडू नको. रेणुकाबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, खुर्चीपाशी आल्या आणि सुवर्णाच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

"आदिलाबादची बस उभी असंन. नाही तर आटो धर. त्या बाईले तोंडानं सांग, लिवलं ते माह्यं नाही म्हून."

सुवर्णाचं पाऊल उचलेना. पडद्यावर पंकज तिचं नाव घेत होता, आधी हळू, मग जोरात. तिनं सासूकडे पाहिलं. ह्यांना तुम्ही काय सांगाल, एवढं कसंबसं विचारलं.

"तू एकटी दिसली का त्याचा आवाज चढते," रेणुकाबाई म्हणाल्या. "मी माघं बसली का उतरते. म्हून बसत होती. आता तू जाय."

सुवर्णानं चप्पल घातली. कॅमेऱ्यासमोरून, दारातून, ती सरळ बाहेर गेली.

रेणुकाबाई खुर्चीत बसल्या. चाकाची खुर्ची थोडी मागे सरकली, तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली. चारी चौकटी त्यांनी पाहिल्या. तीन वाचता येत नव्हत्या. चौथीत मुलगा होता.

"आई, तिला बोलाव."

"ते गेली."

"कुठं गेली? कोणाला विचारून गेली? मी तिच्या काळजीपोटीच बसतो ना इथं दिवसभर."

रेणुकाबाई पडद्याजवळ वाकल्या. ओरडल्या नाहीत.

"तुहा बापबी असाच दारात बसून राहे, बाबू. जलमभर. त्याले कम्पुटर लागत नव्हता."