चाफ्याचं इरलं

संस्थान विलीन झाल्यानंतरचा पहिला पंधरा ऑगस्ट भर पावसात उगवला. दरबारी बागेतला चाफा झेंड्याच्या आड येत होता. नव्या साहेबांनी तो छाटायला सांगितला. वीस वर्षं तो जपणारा माळी बुधा म्हणाला, “पावसात नको, सायेब. घाव कुजंल, झाड मरंल.” “छाट. नव्या सरकारात माळ्याची जागा नाही; उद्यापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले. बुधाने फांद्या उतरवल्या. पांढरा चीक मनगटापर्यंत ओघळला. एरवी तो झोंबायचा; आज हातांना काहीच जाणवलं नाही. घावांवर त्याने शेणमातीचा लेप दिला. पावसाने तो धुऊन नेला. बुधाने अंगावरचं पानांचं इरलं काढून उघड्या बुंध्यावर सुतळीने बांधलं. झेंडा वर गेला. छत्र्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. बुधा भिजत राहिला. साहेब हसले, “अरे, झाडाला इरलं? आणि तुला?” रिकाम्या हातांकडे पाहत बुधा म्हणाला, “मला कुठं कापलंय, सायेब?”